माझा बडग्या फॉरेनले गेला

माझा जन्म इथलाच, नागपूरचा, कोष्ट्यायच्या वस्तीतला, जिथं एका घरच्या मागाचा ठोका दुसऱ्या घरच्या भिंतीतून ऐकू ये, आणि माय म्हणे का या गल्लीत लेकराले अंगाई लागत नाई, मागच झोपवते आणि मागच उठवते. बाप लुगडी विणे. सकाळपासून खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे, अर्धा माणूस जमिनीत आणि अर्धा वर, मी लहानपणी समजो का सगळ्यायचे बाप असे अर्धेच असते. पण हे मी तुमाले काहून सांगून राहिलो, तं खळीसाठी. सुताले लावाची खळ बाप घरीच शिजवे, आणि पुढं पॉवरलूम आले, माग बसला, तरी बापाची खळ शिजवाची सवय काही सुटली नाई, मंग तो त्या खळीनं कागद चिकटवाले लागला आणि कागदाचे बडगे कराले लागला. माग गेला, बडग्या आला. माझ्या हाती तेच आलं.

तुमी बाहेरचे असान तं आधीच सांगून ठेवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. काळी मारबत आणि पिवळी मारबत, दोन भल्या मोठ्या बाया, कागदाच्या आणि बांबूच्या, सारं गाव त्यायच्या मागं. आणि त्यायच्या मागं आमचे बडगे, ते पुरुष. गल्लीगल्लीचा आपला बडग्या असते आणि बडग्या म्हणजे तक्रार. कोणाचा महागाईचा, कोणाचा डेंग्यूचा, कोणाचा रस्त्यावरच्या खड्ड्यायचा, कधी एखादा बाहेर देशातला मोठा माणूस. गळ्यात पाटी टांगाची, मनसोक्त टोमणे माराचे, घेऊन जा गे मारबत म्हणत ओरडाचं आणि वस्तीबाहेर नेऊन जाळून टाकाचं. वकील नाई, कोर्ट नाई, वर्षभराचा राग एका दुपारी मोकळा. असं दुसरं गाव मले दाखवा.

पोटासाठी मंग मी वाडीले जातो, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामात. तिथं पेट्यायवर मार्का टाकतो. माल कुठून आला, कुठं जाते, आत काय हाये. आत काय हाये ते मी पाहत नाई, मले जे सांगतलं ते मी पेटीवर लिहितो. काच सामान, सांभाळून, असं मी लिहावं आणि ती पेटी पडली का आतून लोखंडाचा आवाज यावा, असं लय खेपा झालं. तवा वरच्या अक्षरावर विश्वास ठेवू नये हे बाकी कोणाले नाई तं मले माहीत पाह्यजे होतं. पण काय सांगू तुमाले, माणूस गोदामातली अक्कल गोदामातच टांगून घरी जाते.

लग्न झालं उमरेडच्या घरी. वत्सला तिचं नाव. तिचा बाप बी कोष्टीच, पण माझ्या बापाहून भारी, करवती काठाचं लुगडं विणे, काठाले करवतीसारखे दात, एकेक दात असा का बोट लावलं तं कापन. आणि त्या म्हाताऱ्याची एक खोड होती. साऱ्या काठात कुठं तरी एक दात पिवळा टाके. लोक विचारत, बुवा हे चुकलं का. म्हणे, चुकलं नाई, ते मी हाव. वत्सलाले लग्नात त्यानं असंच एक लुगडं आपल्या हातानं विणून देल्लं. आणि त्या लुगड्यासंगं मले एक साळा देल्ला, फुकट. मोरेश्वर. वत्सलाहून लहान.

हा मोरेश्वर म्हणजे हातानं कलाकार आणि तोंडानं वकील. उमरेडले त्याचं हार्डवेअरचं छोटं दुकान. पण पोळा जवळ आला का दुकान बंद आणि आमच्या घरी हजर. सांगाडा माझा, तोंड त्याचं, अशी आमची वाटणी. बांबूच्या कमच्या मी काढाच्या, बांधाच्या, कागद मी चिकटवाचा, आणि शेवटी तो येणार, लगद्याचं तोंड करणार. कोणाले बी एक खेप पाह्यलं का त्याच्या बोटात ते तोंड उतरे. मी एक खेप करून पाह्यलं होतं तं गल्लीतले पोट्टे विचारत होते, काका, यंदा कोहळ्याचा बडग्या का.

मंग ती युक्रेनची लढाई लागली.

आता तुमी म्हणान, युक्रेन कुठं, नागपूर कुठं. मी बी तेच म्हणत होतो. पहिले तं सारे म्हणत, चार दिवसात आटपते. आटपलं नाई. आणि मोबाईलवर व्हिडिओ याले लागले. मले याचे एका तऱ्हेचे, ट्रक ड्रायव्हर लोक पाठवत. त्यात रशियाचे रणगाडे जळून राहिले, त्यायचा शिपाई पळून राहिला, अमेरिकेच्या, युरोपच्या तोफा जहाजात चढून राहिल्या, मागं ढोलताशाचं संगीत. आणि मोरेश्वरले याचे दुसऱ्या तऱ्हेचे. त्यात त्याच तोफा चिखलात फसलेल्या, गोऱ्यायचं आता खतम, त्यायच्या घरी थंडीत शेकोटीले लाकूड नाई, रशिया आपला जुना दोस्त, मागं बासरी. मले ढोलताशा, त्याले बासरी. भांडण होणारच.

मले तं पहिल्यापासून त्यातलं वेगळंच कुतूहल. एवढ्या तोफा देते हे लोक, तं कोणत्या गोदामातून जात असन? त्यायच्या पेटीवर मार्का कोण टाकत असन? काय लिहीत असन, तोफ हाये, सांभाळून? आणि रिकाम्या पेट्या वापस येते का तिथंच राहते? मी एका ड्रायव्हरले विचारलं तं तो म्हणे, काका, तुमाले लढाईची पडली का पेट्यायची.

मोरेश्वर म्हणे, भाऊजी, तोफा काय फुकट देते का कोणी. आपल्या लग्नात आहेर येते तो फुकट असते का, उद्या त्याच्या घरी लग्न निघते. मी म्हणो, अबे, शेजाऱ्याच्या घरात कोणी घुसला आणि शेजारी म्हणते का काठी दे, तं काठी द्याची का आहेराचा हिशेब कराचा? घुसला कोण हे तं आंधळ्याले बी दिसते. तो म्हणे, द्या काठी, पण देणाऱ्याचं दुकानच काठ्यायचं असन तं? त्याचं बी बोलणं एकदम टाकाऊ नव्हतं, मले आता वाटते. पण तवा कोण आयकते. तो आपला मोबाईल माझ्या नाकाशी धरे, मी माझा त्याच्या नाकाशी, आणि वत्सला मधात पोळ्या वाढून राहिली. ती म्हणे, काहो, युक्रेन तुमचा मामा लागते का, आणि मोऱ्या, तुह्या घरात अमेरिकेनं का जाळ लावला, जेवा गा दोघं.

एका रविवारी तिनं पाटवडीचा रस्सा केला होता. त्या दिवशी बोलता बोलता मी मोरेश्वरले म्हणून बसलो का तुह्या बापानं मागावर जेवढं सरळ विणलं, तेवढं तू मोबाईलवर उलटं विणून राहिला. बाप काढला ना मधात. तो उठला. ताटावरून, पाटवडीवरून. तुमी विदर्भातले नसान तं तुमाले त्यातलं समजणार नाई, पाटवडीवरून उठलेला माणूस म्हणजे लढाई आता सरहद्दीची राहिली नाई, घरात आली.

राखीले तो आला नाई. वत्सलानं ताट करून ठेवलं, उमरेडची बस कोणत्या वेळेले येते हे तिले लग्नापासून पाठ, प्रत्येक बसच्या वेळेले ती दारात. संध्याकाळी तिनं राखी देवाच्या फळीवर घंटीखाली ठेवली आणि कणीक भिजवाले बसली. तिचा बाप गेलेला, माय गेलेली, उमरेडले तिचं म्हणून जे काही होतं ते एवढं एकच, मोरेश्वर. लढाई तिकडं कोणाची बी होवो, माहेर माझ्या बायकोचं जाऊन राहिलं होतं. हे मले दिसत होतं, पण मी असा शहाणा का मले राग मोरेश्वरचाच आला. म्हटलं, बहीण वाट पाहून राहिली आणि हा तिथं बसून बासरी ऐकून राहिला.

पोळा आला. गल्लीतल्या लोकायनं म्हटलं, यंदा लढाईचा बडग्या करा. कोणी म्हणे घुसणाऱ्याचा करा, कोणी म्हणे तोफा वाटणाऱ्याचा करा, तिथं बी दोन पार्ट्या. मी म्हटलं, थांबा, मी असा करतो का दोघंबी खूश. आणि मनात म्हटलं, मोरेश्वरचा करतो.

खरं सांगतो, कमच्या बांधताना मले जी मजा येत होती ना. घरात बसून लढाई लढवणारा माणूस. पोट पुढं, एका हातात पुठ्ठ्याचा मोबाईल, पाठीवर तोफ, ती गोदामातल्या कपड्याच्या ताग्याची नळी होती, काळा रंग मारला तं अस्सल तोफ. डोक्यावर सोनेरी टोपी. गळ्यात पाटी, फुकटचा सेनापती, घरी बसून लढणाऱ्याले घेऊन जा गे मारबत. सारं झालं. राहिलं तोंड. आणि तोंडवाला तं उमरेडले रुसून बसला.

मंग मीच बसलो. कोहळा होऊ नये म्हणून दाढीचा आरसा पुढं ठेवला, डोळे कुठं असते, नाक केवढं उतरते, मिशी कुठं संपते, तेवढं पाह्याले. बाकी सारं मनात मोरेश्वर. लगदा थापू, आरशात पाहू, मोरेश्वरले आठवू, पुन्हा थापू. जमलं हो. कोहळा नाई, चांगलं माणसाचं तोंड आलं. मी वत्सलाले हाक मारली, म्हटलं, पाह्य वं. ती आली, लय वेळ पाहत राहिली. हसली बी नाई, रागावली बी नाई. म्हणे, अंगात काय घालता याच्या? म्हटलं, कोट पाह्यजे, पण कापड कुठून आणू. ती आत गेली आणि बापानं देल्लेलं ते लुगडं घेऊन आली. घडीघडीवर फाटलेलं होतं, नेसाजोगं नव्हतं, पण तेच. म्हणे, घ्या, याचाच कोट करा. मी म्हटलं, अगं हे तुह्या बापाचं. म्हणे, माहीत हाये मले कोणाचं हाये ते. मी कोट शिवला, समोरून खाली करवतीचा काठ, आणि एक पिवळा दात असा बरोबर छातीवर, पाटीच्या वर.

मिरवणूक काय सांगू तुमाले. आमचा बडग्या निघाला आणि लोक हसून हसून लोळले. पाटी वाचाच्या आधीच हसत होते. मी मिशीले पीळ देत चाललो, म्हटलं कला समजते बाप्पा लोकायले. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, सारे व्हिडिओ काढून राहिले. मंग वस्तीबाहेर नेला, पेटवला, तोफ पहिले जळली, टोपी मंग, आणि कोट शेवटी. वत्सला तिथं थांबली नाई.

त्याच्यानंतरची गोष्ट. दिवाळी जवळ आली होती, मी गोदामात, आणि तो पेट्यायवाला ड्रायव्हर धावत आला. काका, हे पाहा, इंडियाचा व्हिडिओ. पाहतो तं माझा बडग्या. वर मोठ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, मले अक्षरं लावता येते, त्यात होतं का भारताची जनता चिडली, हल्ला करणाऱ्या सेनापतीचा पुतळा जाळला. खाली तिकडच्या कोणत्या तरी भाषेत आणखी मजकूर, एक बाई एवढ्या गंभीर आवाजात बोलून राहिली का जसं माझ्या बडग्याचं मर्तिक हाये. मले तं आनंदानं भोवळ आली. आमच्या खानदानात उमरेडच्या पुढं कोणी गेलं नाई आणि माझा बडग्या फॉरेनले गेला. गोदामात साऱ्यायले दाखवला. चहा पाजला.

चहा पितापिताच मले वाटलं, पण एक मिनिट. तो काही कोणत्या देशाचा सेनापती नव्हता. तो तं माझा साळा. पाटी कुठं गेली? पुन्हा पाह्यलं. व्हिडिओ असा कापला होता का पाटी जिथून सुरू होते तिथंच चौकट संपते. म्हणजे ज्यानं कापला त्याले पाटी दिसली असन. आणि मंग माझ्या डोक्यात जो किडा वळवळला तो आजपर्यंत गेला नाई. मी एवढे दिवस जे व्हिडिओ पाह्यले, पळणारा शिपाई, रडणारा कप्तान, झेंडा जाळणारी गर्दी, ते सारे कोणाचे साळे होते? कुठं चौकट संपत होती? मी घरी जाऊन एकेक व्हिडिओ पुन्हा पाहाले लागलो, कोपरे पाहाले लागलो. वत्सला म्हणे, आता काय शोधून राहिले. म्हटलं, पाटी.

आणि त्याच आठवड्यात दुपारच्या बसनं मोरेश्वर आला.

आत आला नाई. उंबऱ्यात उभा राहिला, हातात मोबाईल, तोंड असं का मयतीले आला. मले म्हणे, भाऊजी, हा तुमचा बडग्या. त्याच्याकडं बी तोच व्हिडिओ, पण मागं बासरी आणि हिंदीत एक माणूस सांगून राहिला का भारत की जनता ने हथियार बाँटने वाले पश्चिम का पुतला फूँक दिया. आणि यात पाटी होती, पण उलटी, सारं चित्र आरशासारखं फिरवलेलं, कोणी वाचू नये म्हणून. तो म्हणे, मी हा दुकानात दहा लोकायले दाखवला, पुढं पाठवला, म्हटलं पाहा आपला देश कोणाच्या बाजूनं हाये, आणि मंग पाहता पाहता छातीवर तो पिवळा दात दिसला. बाबाचा. मंग मले पुढचं काही ऐकू आलं नाई. बाई, तू बाबाचं लुगडं जाळाले देल्लं?

वत्सला ओट्यापाशी उभी. म्हणे, देल्लं. नेसणारी मी, नेसून कोणाच्या घरी जाऊ? तू राखीले आला?

मी आपला माझा मोबाईल काढला आणि माझ्यावाला व्हिडिओ त्याच्या मोबाईलच्या बाजूले ठेवला. दोन्ही चालू केले. एकच बडग्या, एकच आग, तिकडं बासरी, इकडं ती गंभीर बाई. इकडं तो हल्ला करणारा, तिकडं तोच तोफा वाटणारा. मोरेश्वर एकदा या मोबाईलकडं पाहे, एकदा त्या. मंग हळूच मले म्हणे, भाऊजी, पण खरं सांगा, हा हाये कोण?

आता काय सांगू, तू हायेस? त्यात वत्सलानं सांगून टाकलं. पाटीवर लिहिलं होतं, फुकटचा सेनापती, घरी बसून लढणारा. तुहा म्हणून केला यायनं.

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता गेला हा, कायमचा गेला, आणि हिचं माहेर बी गेलं. डोळे उघडून पाहतो तं तो मोबाईल डोळ्याजवळ नेऊन, चित्र मोठं करून पाहून राहिला. लय पाह्यलं. आणि म्हणे, नाई बाई, हा मी नाई. मिशी पाह्य. भुवई पाह्य, डावी वर चढलेली. अवं, हे भाऊजी हाये.

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतो. मोबाईल हिसकला. पाह्यलं. काय सांगू तुमाले, मीच होतो. दाढीच्या आरशात पाहून पाहून मी माझंच तोंड थापलं होतं. सोनेरी टोपी घालून मी जळून राहिलो होतो, दोन दोन भाषेत. सारी गल्ली त्या दिवशी हसली ती पाटी वाचून नाई. मोरेश्वर उंबऱ्यातच खाली बसला आणि पोट धरून हसाले लागला, म्हणे, बाप रे, जगात दोन पार्ट्या आणि दोन्ही मिळून माझ्या भाटव्याले जाळून राहिल्या.

मी वत्सलाकडं पाह्यलं. म्हटलं, तू तं त्या दिवशी लय वेळ पाहत होती, तुले ओळखू आलं नाई का?

ती म्हणे, आलं ना. तोंड पाह्यलं, मंगच लुगडं देल्लं.

असं म्हणून तिनं देवाच्या फळीवरची राखी काढली, फुंकून धूळ उडवली आणि उंबऱ्यातच त्याच्या हाताले बांधली. दिवाळीच्या तोंडावर राखी. मंग पाटवडीचा रस्सा झाला आणि तो ताटावरून उठला नाई.

आता तुमी विचारान, भांडण मिटलं का. नाई मिटलं. मी आज बी म्हणतो का ज्याच्या घरात घुसले त्याले काठी देणं चूक नाई, आणि तो आज बी काठ्यायच्या दुकानाचं सांगते. पण आता कोणता बी व्हिडिओ आला का तो मले फोन करते, भाऊजी, यातला साळा कोणाचा? मंग आमी दोघं कोपरे पाहतो, पाटी शोधतो. कधी सापडते, कधी नाई. आणि व्हिडिओ खोटा निघाला म्हणून तिथली लढाई खोटी होत नाई, हे बी आमाले वत्सलानंच सुनावलं. ती म्हणे, तुमचा बडग्या कागदाचा होता, तिथं जळते ते घर हाये. तिथं बी कोणी बाई भावाची वाट पाहत असन, बसच्या वेळा पाठ असन तिले. त्या बाईचा भाऊ घरी येवो, बाप्पा, एवढंच. कोणाच्या बी बाजूचा असो.

तुमी लिहून घेऊन राहिले, लिहा, पण पाटी कापू नका. पोळा आता आलाच हाये. कमच्या भिजत ठेवल्या, खळ शिजून राहिली, मोरेश्वर सकाळच्याच बसनं आला. यंदा तोंड त्याच्याकडं. मी विचारलं, यंदा कोणाचा बडग्या करतो गा? तं लगदा हातात घेऊन म्हणते कसा, भाऊजी, बसा असे समोर. हलू नका.